ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट : आरव्हीत राहून केलेल्या स्वयंसेवेचा एक हंगाम

ॲरिझोना राज्याच्या दक्षिण कडेला, मेक्सिकोच्या सीमेला अगदी लागून, ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट हे सुमारे १,३३८ चौरस किलोमीटरचे संरक्षित वाळवंट आहे. तेथील अभ्यागत केंद्रात मी आणि माझ्या पतींनी नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत स्वयंसेवक म्हणून काम केले आणि तेवढा सगळा काळ आमच्या आरव्हीत, म्हणजे पिकअप गाडीमागे जोडून नेण्याच्या चाकांवरच्या घरात, काढला. या कामाला पगार नसतो. त्याऐवजी आरव्ही उभी करायला पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडणीसह जागा मिळते. परत आल्यावर ओळखीच्या अनेक मराठी मंडळींनी या व्यवस्थेची चौकशी केली आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न जागा खरोखर फुकट मिळते का हाच होता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझे मत आधीच नोंदवते. राहण्याचा खर्च वाचवायला इथे जाऊ नये. एकाच जागेला आयुष्यातले पाच महिने देण्याची तयारी असेल तर अवश्य जावे.

मॉन्युमेंट म्हटल्यावर डोळ्यांपुढे पुतळा किंवा इमारत येते, पण इथे जपले आहे ते एका वनस्पतीचे राहते घर. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये घोषणापत्र काढून हा प्रदेश राखून ठेवला, १९७६ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली आणि १९७८ मध्ये त्यातील सुमारे ९५ टक्के जमीन कायद्याने रानच राहील अशी तरतूद झाली. ऑर्गन पाइप कॅक्टसचा मुख्य मुलूख मेक्सिकोत आहे. अमेरिकेच्या हद्दीत तो मोठ्या संख्येने भेटतो तो जवळजवळ इथेच. चित्रांतून सर्वांना माहीत असलेल्या सावारो कॅक्टसला एक जाडजूड खोड आणि वर उचललेले हात असतात, तर ऑर्गन पाइप जमिनीपासूनच अनेक नळ्यांचा जुडगा होऊन वर येतो. ऑर्गन म्हटले की मराठी माणसाला नाट्यपदांची साथ आठवते, परंतु हे नाव पडले आहे ते चर्चमधल्या उभ्या नळ्यांच्या भव्य ऑर्गनवरून, आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात त्या नळ्या एका बाजूने उजळलेल्या पाहिल्या की नाव ठेवणाऱ्याची नजर पटते.

ज्या केंद्रात आम्ही काम केले त्याला क्रिस एगल यांचे नाव आहे. ते या उद्यानाचे रेंजर होते आणि ९ ऑगस्ट २००२ रोजी, मेक्सिकोतून सीमा ओलांडून पळून आलेल्या सशस्त्र गुन्हेगारांचा पाठलाग करताना, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गोळी लागून त्यांना मरण आले. त्यानंतर उद्यानाचा बराच मोठा भाग कित्येक वर्षे लोकांसाठी बंद होता आणि तो पूर्णपणे खुला झाला २०१४ मध्ये. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगते, कारण इथे येण्यापूर्वी नातेवाईक सुरक्षिततेविषयी विचारतात आणि त्यांना खरे उत्तर मिळाले पाहिजे. पाच महिन्यांत आम्हाला स्वतःला एकदाही धोका जाणवला नाही. सीमा सुरक्षा दलाच्या गाड्या रोज दिसतात, उत्तरेकडे जाताना चौकीवर थांबावे लागते, एकट्याने दूर जाताना कोणाला तरी सांगून निघण्याची शिस्त पाळावी लागते आणि काही आठवड्यांत हे सारे अंगवळणी पडते.

अर्जाची पद्धत सरळ आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांमधील स्वयंसेवा १९७० च्या कायद्याने सुरू झालेल्या एका योजनेखाली चालते आणि जागांच्या जाहिराती व्हॉलंटिअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर येतात. वाळवंटातील हिवाळी हंगामासाठी अर्ज उन्हाळ्याच्या आत करावा, कारण थंड प्रदेशांतून दक्षिणेकडे येणारे अनुभवी आरव्हीवाले लवकर जागा धरतात. दूरध्वनीवर मुलाखत होते, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मग लेखी करार होतो. आमच्या करारात प्रत्येकी आठवड्याला ३२ तास होते. काम करताना इजा झाली तर सरकारी कर्मचाऱ्याप्रमाणे उपचारांच्या भरपाईचे संरक्षण असते, ही गोष्ट साठीतल्या माणसांसाठी महत्त्वाची आहे. २५० तास भरले की देशभरातील राष्ट्रीय उद्यानांत एक वर्ष चालणारा प्रवेश पास मिळतो. आमचे तेवढे तास आठ आठवड्यांत पूर्ण झाले. आम्ही दोघेही अमेरिकेचे नागरिक आहोत. परदेशी नागरिकांसाठी वेगळी व्यवस्था असून तिला योग्य प्रकारचा व्हिसा लागतो, तेव्हा मुलांकडे पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांनी सहा महिने असे काम करता येईल हे गृहीत धरू नये.

आता राहण्याविषयी. उद्यानातील ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडमध्ये पाहुण्यांसाठी २०८ जागा आहेत, पण त्यांतल्या एकाही जागेला वीज-पाण्याची जोडणी नाही. स्वयंसेवकांच्या आरव्हींना मात्र कर्मचाऱ्यांच्या वसाहतीकडे संपूर्ण जोडणीची जागा मिळते, आणि वाळवंटात याचे मोल काय हे मैल्याची टाकी उपसायला गाडी जोडून न्यावी लागलेल्या माणसालाच विचारावे. आमची आरव्ही ३० अँपिअरची आहे. म्हणजे १२० व्होल्टवर एका वेळी ३,६०० वॅटच्या पुढे भार टाकता येत नाही, आणि सकाळी खोली गरम करणारा हीटर व पाणी तापवण्याचा बंब चालू असताना कोणी मायक्रोवेव्हला हात लावला की खटका पडून सगळे घर अंधारते. पहिल्या आठवड्यात आम्ही एक क्रम ठरवला : आधी पाणी, मग चहा, मग हीटर. पुढे पाच महिने तो मोडला नाही. जानेवारीच्या काही रात्री पारा शून्याखाली गेला. बाहेरची पाण्याची नळी गोठून लाकडासारखी कडक होते, म्हणून झोपण्यापूर्वी ती सोडवून रिकामी करायची आणि आतल्या टाकीत दुसऱ्या दिवसाच्या सकाळपुरते पाणी भरून ठेवायचे हे काम मी कधी चुकवले नाही.

आरव्ही विकत घेणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगणे भाग आहे. आमची आरव्ही वापरलेली होती आणि छताचे सांधे नव्याने भरून दिले आहेत असे विक्रेत्याने आम्हाला सांगितले होते. आम्ही ते तोंडी सांगणे पुरेसे मानले. डिसेंबरच्या अखेरीस सलग दीड दिवस संथ पाऊस लागला आणि पलंगावरच्या छताला तांबूस कडेचा ओला डाग उमटला. शिडी लावून पाहिले तेव्हा वायुवीजनाच्या झाकणाभोवतीचा लेप बोटाने दाबताच पापडासारखा तुटून हातात आला. वाळवंटातील ऊन हा लेप आणखी लवकर वाळवते. तेव्हा आरव्ही घेताना स्वतः छतावर चढून प्रत्येक सांधा हाताने चाचपून पाहावा, विक्रेता कितीही भला वाटला तरी.

दुसरा तडाखा दिला तो तिथल्या वुडरॅटने, ज्याला सगळे पॅकरॅट म्हणतात. हा मऊ केसांचा, मोठ्या डोळ्यांचा उंदीर दिसायला गोजिरवाणा असतो आणि सापडेल ती वस्तू उचलून नेऊन घरटे रचतो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आमची पिकअप सुरू होईना. बोनेट उघडले तर इंजिनावर घरटे रचलेले होते : मेस्किट या काटेरी झाडाच्या वाळक्या शेंगा, चोया कॅक्टसचे काटेरी तुकडे कडेने तटबंदीसारखे लावलेले, मधोमध तारांच्या वेष्टणाचा बारीक कुरतडलेला भुगा आणि त्यावर आमच्याच पायपुसण्याचा निळा धागा. ते काटे त्याने तोंडात धरून, स्वतःला न टोचता, इंजिनाच्या अरुंद फटीतून वर कसे आणले असतील याचे मला आजही नवल वाटते. दुरुस्तीला गाडी ओढून न्यावी लागली. शेजारच्या अनुभवी स्वयंसेवकांनी उपाय सांगितला तो साधाच होता. रात्री बोनेट उघडे ठेवायचे आणि गाडीखाली दिव्यांची माळ लावायची, कारण या प्राण्याला उजेड आणि उघडी जागा नको असते. वसाहतीत रात्री सगळ्याच गाड्या तोंड उघडून उभ्या का असतात याचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला.

किराण्यासाठी उत्तरेला सुमारे ५५ किलोमीटरवर आहो हे गाव आहे. एके काळी तिथे तांब्याची मोठी खाण होती. स्पॅनिशमध्ये आहो म्हणजे लसूण, पण हे नाव कानावर पडले की कोणीतरी आपल्या यजमानांना हाक मारते आहे असेच मला वाटे. वाटेत वाय नावाची वस्ती लागते, जिथे दोन महामार्ग पूर्वी इंग्रजी वाय अक्षरासारखे मिळत. आहोमध्ये रोजच्या वस्तू मिळतात, मात्र हिंग, तूरडाळ, भाजणी, गोडा मसाला हे सगळे घरूनच न्यावे लागते. मोठ्या रुग्णालयासाठी टूसॉन किंवा फिनिक्स गाठायचे म्हणजे दोन-अडीच तासांचा प्रवास. ज्यांना हृदयविकार आहे किंवा नियमित तपासण्या लागतात त्यांनी हा मुद्दा दुर्लक्षू नये. मोबाइलचा संपर्क तुटक असतो आणि कधी कधी फोन आपण मेक्सिकोत आहोत असे समजून तिकडचे जाळे पकडतो.

एवढे सगळे सोसून मिळते काय, तर ते काम. सकाळी केंद्राचे दार उघडून ध्वज लावण्यापासून दिवस सुरू होतो. मग आत प्रदर्शन, पुस्तकांची छोटी मांडणी आणि माहितीचा मेज. त्या मेजामागे उभे राहिल्यावर दिवसातून पन्नास वेळा तेच प्रश्न येतात : शौचालय कुठे, सर्वांत सोपी पायवाट कोणती, साप दिसतील का. अशा प्रश्नांना पन्नासाव्या वेळीही पहिल्याइतक्याच आपुलकीने उत्तर देण्याची ज्यांची प्रकृती नाही, त्यांनी पायवाटांची देखभाल किंवा रोपवाटिकेसारखी कामे मागावीत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे मला मेजच आवडला. पाणी किती न्यायचे हे सांगणे हे तर आमचे कर्तव्यच होते. माणशी दिवसाला निदान चार लिटर, आणि अर्धे संपले की मागे फिरायचे. या वाळवंटात सीमा ओलांडू पाहणारी कितीतरी माणसे तहानेने गेली आहेत हे ठाऊक असताना हा आकडा यांत्रिकपणे तोंडातून निघत नाही.

खरी मजा प्रश्न बदलला की येते. केंद्राच्या खिडकीतून टेकड्या दिसतात, आणि लक्षपूर्वक पाहणारा एखादा पाहुणा विचारतो की या उतारावर एवढे ऑर्गन पाइप आणि पलीकडच्या उतारावर तुरळक, असे का? या वनस्पतीला दहिवर सोसत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाळ उतारावर हिवाळ्याचे ऊन दिवसभर लागते, खडक ती ऊब रात्री सोडतात, आणि तेवढ्यावर तिचे निभावते. मग मी पाहुण्यांना बाहेर नेऊन एखाद्या नळीवरची आवळलेली खाच दाखवत असे. कडाक्याच्या थंडीत टोक गोठले की वाढ अडखळते आणि नंतर पुन्हा सुरू होते तेव्हा तिथे कंबर पडल्यासारखा आकार राहतो. म्हणजे ज्या हिवाळ्याची माणसांना आठवणही नाही, तो त्या नळीवर बोटाने चाचपता येतो. या कॅक्टसला पहिले फूल यायला सुमारे ३५ वर्षे लागतात आणि तो दीडशे वर्षांहून अधिक जगतो. हे ऐकून लहान मुले गप्प होतात आणि आपल्या आजोबांकडे पाहतात, असे मी कितीदा तरी पाहिले.

माझे बालपण आटपाडीत गेले, त्यामुळे काटेरी माळरानाची मला ओळख आहे अशा समजुतीने मी तिथे गेले होते. प्रशिक्षणातच ती समजूत दुरुस्त करावी लागली. आपल्या बांधावर कुंपणाला लावतात तो तीनधारी निवडुंग युफोर्बियाच्या कुळातला, त्याचा आणि कॅक्टसचा काही संबंध नाही. कोरड्या हवेत तग धरण्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे सारखेच रूप घेतले आहे. आपला फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तो अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेला. माणदेशात ज्या वेड्या बाभळीने ओढे-नाले व्यापले आहेत तिची सख्खी भावंडे म्हणजे तिथली मेस्किटची झाडे. आपल्याकडे जी उपरी आणि दांडगट म्हणून बदनाम, तिचीच भावंडे तिथे पक्ष्यांना शेंगा, जमिनीला नत्र आणि कोवळ्या रोपांना सावली देत आपल्या जागी शोभून दिसतात. वनस्पतीचा गुणदोष तिच्या जागेवरून ठरवावा हे मी शिकवत आले होते, पण ते इतक्या स्पष्टपणे मला पहिल्यांदाच दिसले.

फेब्रुवारीत फिनिक्सहून एक मराठी कुटुंब आले. त्यांच्याबरोबर सांगोल्याहून आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या. बाकीची मंडळी छायाचित्रांत गुंतली होती आणि त्या मात्र नऊवारीचा पदर खोचून केंद्रामागच्या पायवाटेवर एका ऑर्गन पाइपसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी जवळ जाऊन मराठीत बोलले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही, त्यांनी सरळ विचारले, “याला चीक येतो का गं?” मी म्हटले, “नाही मावशी, याला चीक नसतो. आत पाणी धरलेला गर असतो.” त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “मग हा आपल्यातला नव्हे. आपल्या निवडुंगाचा चीक डोळ्यांत जाईल म्हणून भ्यावं लागतं.” दोन कुळांतला जो भेद मला प्रशिक्षणात तक्ता दाखवून समजावला होता, तो त्यांनी एका प्रश्नात काढला. मी तो प्रश्न त्यानंतर इंग्रजीत माझ्या बोलण्यात कायमचा घेतला.

मेजाच्या खणात एक साधा कंगवा ठेवलेला असतो. तो चोयासाठी. टेडी बेअर चोया नावाप्रमाणेच लांबून केसाळ, मऊ आणि सोनेरी दिसतो, आणि लहान मुलेच काय, मोठी माणसेही हात पुढे करतात. त्याच्या काट्यांना अतिसूक्ष्म उलटे दाते असतात, त्यामुळे जरा स्पर्श झाला की अख्खा गोळा सुटून कातडीला चिकटतो, आणि तो दुसऱ्या हाताने काढायला जावे तर त्या हातालाही लागतो. कंगवा कातडी आणि गोळा यांच्या मध्ये सरकवायचा आणि एका झटक्यात, समोर कोणी उभे नाही हे पाहून, बाहेर उडवायचा. मग उरलेले काटे चिमट्याने एकेक काढायचे. पाच महिन्यांत मी हे काम अकरा वेळा केले. एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या पोटरीतले काटे काढताना ती न रडता मला विचारत होती की झाडाला दुखले का, आणि मी तिला सांगितले की हा गोळा जिथे पडेल तिथे मुळे धरेल, झाड असेच पसरते. तिने तो गोळा कुठे पडला ते शोधून काढले आणि आईला तिथून लांबून चालायला लावले.

हिवाळ्यात केंद्रातर्फे आहो माउंटन ड्राइव्ह या सुमारे ३४ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर व्हॅनमधून फेरी नेतात. मोठ्या आरव्हींना त्या रस्त्यावर मनाई आहे, म्हणून ही सोय मोलाची आहे, आणि केवळ एक दिवस हाताशी असलेल्या पाहुण्याला मी बाकी सगळे सोडून हीच फेरी सुचवीन. मी काही फेऱ्यांना मदतनीस म्हणून गेले. एका ठिकाणी आम्ही नेहमी थांबत असू. तिथे पालो वेर्दे या हिरव्या सालीच्या झाडाखाली माझ्या अंगठ्याएवढा एक सावारो उगवला आहे. पहिल्या आठ वर्षांत सावारो जेमतेम दीड इंच वाढतो, म्हणजे तो शाळकरी मुलाच्या वयाचा असणार. त्याला पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षे लागतील. तोवर वरचे झाड त्याला ऊन आणि दहिवर यांपासून सांभाळेल आणि पुढे बहुधा त्याच्याच मुळांनी पाणी तोडल्यामुळे मरेल. व्हॅनमधून उतरलेल्या बारा माणसांना ते रोप दाखवले तरी सुरुवातीला दिसत नाही. गुडघे टेकून बसल्यावर दिसते, आणि मग कोणालाच उठावेसे वाटत नाही.

कीतोबाकीतोच्या झऱ्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. सीमेपासून अगदी हाकेच्या अंतरावर, त्या होरपळलेल्या पठारावर, एक बारमाही झरा आणि त्याचे छोटे तळे आहे. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढा पपफिश नावाचा मासा राहतो, जो १९८६ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. विणीच्या काळात नर निळे होतात. या प्रदेशातल्या मूळ रहिवासी ओधम लोकांसाठी ही पवित्र जागा आहे आणि १९५० च्या दशकापर्यंत त्यांची कुटुंबे इथे राहून शेती करत होती. आज तळ्याच्या काठावर उभे राहिले की दक्षिणेला सुमारे नऊ मीटर उंचीची पोलादी खांबांची भिंत दिसते. पाहुण्यांना आम्ही मासा दाखवतो, पक्षी दाखवतो, पण ज्यांची ही जागा होती त्या माणसांविषयी बोलल्याशिवाय ती माहिती पुरी होत नाही असे माझे ठाम मत आहे. इथे येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने तोहोनो ओधम लोकांच्या इतिहासाचा, त्यांच्या सावारो-फळांच्या सुगीचा आणि पावसाबरोबर सुरू होणाऱ्या त्यांच्या वर्षाचा आधी अभ्यास करावा. मी तो उशिरा केला आणि पहिल्या महिन्यात ज्या पाहुण्यांशी बोलले त्यांना मी अर्धेच सांगितले, याची खंत आहे.

आरव्ही ही वस्तू हिंडण्यासाठी बनवलेली आहे आणि आम्हीही आधीच्या दोन वर्षांत ती तशीच वापरली : दोन रात्री इथे, तीन रात्री तिथे. इथे ती पाच महिने एका जागी उभी राहिली आणि त्यामुळेच काही गोष्टी दिसल्या. नोव्हेंबरात आमच्या दारासमोरचा ओकोटीयो म्हणजे नुसत्या काटेरी छड्यांची जुडी होती. डिसेंबरचा पाऊस पडला आणि काही दिवसांत त्या छड्यांना तळापासून शेंड्यापर्यंत बारीक पाने फुटली. जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात ती पिवळी होऊन गळाली. मार्चमध्ये शेंड्यांना लाल तुरे आले आणि हमिंगबर्ड येऊ लागले. दोन रात्री राहणाऱ्याने या चारपैकी एकच झाड पाहिले असते. पावसाच्या आधी क्रिओसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो तो आपल्या मृद्गंधाहून निराळा, जरा औषधी, तीव्र असतो. पहिल्यांदा तो मला मुळीच आवडला नाही. मार्चमध्ये ढग आले की आम्ही दोघे तो वास येतो का म्हणून दारात जाऊन उभे राहत असू.

उणिवा सांगायच्या तर तीन गोष्टी ठळक आहेत. सव्वीस फूट लांबीच्या घरात दोन माणसांनी सुट्टीच्या दिवशीही एकमेकांसमोर असणे सोपे नाही. आम्ही आठवड्यातली एक सकाळ वेगवेगळ्या पायवाटांवर जाण्याचे ठरवले आणि त्याचा फार उपयोग झाला. दुसरी गोष्ट वारा. तो दिवस-दिवस थांबत नाही, बाहेर काढलेली छत्री-कनात रात्री गुंडाळायची राहिली तर सकाळी तिचे सांगाडेच सापडतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. ज्या वनस्पतीच्या नावाने हे उद्यान ओळखले जाते तिची फुले मे-जूनमध्ये येतात, रात्री उमलतात, आणि लांब नाकाचे वटवाघूळ मेक्सिकोतून येऊन त्यांचे परागीभवन करते. हिवाळी स्वयंसेवक तोपर्यंत उन्हाच्या भीतीने निघून गेलेले असतात. मी शेकडो लोकांना त्या फुलांचे वर्णन करून सांगितले आणि स्वतः एकही पाहिले नाही.

खर्चाचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी : जागेचे भाडे वाचते हे खरे, पण इंधन, गाडीची दुरुस्ती, छताचा लेप, प्रोपेन आणि लांबून आणलेला किराणा धरला तर आम्हाला घरी राहण्यापेक्षा स्वस्त पडले नाही. मनाने सुदृढ, उभे राहून सहा-सात तास बोलू शकणाऱ्या, स्वतःची आरव्ही स्वतः दुरुस्त करण्याची थोडीफार सवय असलेल्या जोडप्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवते. ज्यांना शहराची, देवळाची, मित्रमंडळींची रोज गरज वाटते त्यांनी आधी पाहुणे म्हणून ट्विन पीक्समध्ये एक आठवडा राहून पाहावे आणि मगच करारावर सही करावी.

पुढच्या हंगामासाठी आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी मेच्या अखेरीपर्यंत राहू द्यावे अशी विनंती त्यात केली आहे, आणि उन्हाळ्यात आतली थंड हवा टिकावी म्हणून माझे पती सध्या अंगणात आरव्हीच्या खिडक्यांना चकचकीत आवरणाचे तुकडे मापाने कापून बसवत आहेत. छतावर चढून प्रत्येक सांधा मी स्वतः तपासला.